लालबागचा हमरस्ता आणि बसची राखीव वाट

लालबागच्या हमरस्त्याच्या मधोमध अंथरलेल्या रुळांवरून ट्राम घणघणत जाई, आणि पाळीला निघालेला गिरणी कामगार जेवणाचा डबा सांभाळीत तीत चढे. ३१ मार्च १९६४ रोजी मुंबईची अखेरची ट्राम धावली आणि रस्त्याच्या मध्यावरचा सार्वजनिक वाहनाचा तो मान लुप्त झाला. बसला रहदारीपासून विभक्त मार्गिका देणारी बीआरटी पुण्याने २००६ साली अंगीकारली, तिच्या मुळाशी हेच तत्त्व आहे. आज मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावरील बंदराच्या जमिनींच्या पुनर्विकासाची तजवीज चालू असताना, लालबागहून शिवडीच्या किनाऱ्यापर्यंत अशा राखीव मार्गिकेची तरतूद मूळ आराखड्यातच झाली पाहिजे. किनारा सर्वांचा आहे. तिथवरची वाटही सर्वांचीच असावी.