एकाने ‘नाही’ म्हटलं तर?

मित्रांनो, गणपती जवळ आले की तुमच्या गल्लीतल्या मंडळाची बैठक भरते ना? सतरंजी, पावतीपुस्तक, पुढे दोन-चार मोठी माणसं आणि मागे कुजबुजणारी तुम्ही पोरं. ‘यंदा वर्गणी किती?’ इथून सुरुवात होते. कोणी म्हणतं शंभर, कोणी म्हणतं दोनशे. वाद रंगतो. मग कंटाळून कोणीतरी म्हणतं, ‘हात वर करा!’ पंचवीस हात दोनशेच्या बाजूने, पंधरा शंभरच्या. झालं! दोनशे ठरले, चहा आला, बैठक संपली.

पण त्या पंधरा जणांचं पुढे काय होतं? जरा आठवून पाहा. कोणी वर्गणी मागायला गेलं की ‘उद्या या’ म्हणतं. कोणी मांडवाचे बांबू रोवायला येतच नाही. आणि कधी कधी तर पुढच्या वर्षी पलीकडच्या चौकात दुसरंच मंडळ उभं राहतं!

आता तुम्हाला एका अशा गावाची गोष्ट सांगते, जिथे हात मोजतच नाहीत. सगळे ‘हो’ म्हणेपर्यंत निर्णय होत नाही. एकाने जरी ‘नाही’ म्हटलं, तरी तो विषय पुढच्या बैठकीत.

या गावाचं नाव मेंढा. शेजारीच लेखा नावाचं गाव आहे, म्हणून सगळे त्याला ‘मेंढा-लेखा’ म्हणतात. नकाशात महाराष्ट्राच्या अगदी पूर्वेला गडचिरोली जिल्हा शोधा. गडचिरोलीहून धानोऱ्याच्या रस्त्याला लागलं की तीसेक किलोमीटरवर हे गाव लागतं. शंभरएक घरं, पाचशेच्या आसपास माणसं, सगळी गोंड आदिवासी, आणि चहूकडे जंगल. या गावाने एक घोषणा दिली आणि ती देशभर गाजली : ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार!’ गोंडीत म्हणतात, ‘मावा नाटे मावा राज’.

ही घोषणा काही एका रात्रीत सुचलेली नाही. १९८०च्या दशकात इंद्रावती आणि गोदावरी या नद्यांवर भोपालपट्टणम आणि इंचमपल्ली अशी दोन मोठी धरणं बांधायचं घाटत होतं. बरंच जंगल आणि कित्येक गावं पाण्याखाली जाणार होती. बाबा आमटे आणि इतर अनेकांबरोबर आदिवासींनी मोठं आंदोलन केलं आणि ती धरणं मागे पडली. त्या आंदोलनात मेंढ्याचे लोकही होते. जंगल बुडण्यापासून वाचलं खरं, पण पुढे ते सांभाळायचं कोणी, हा प्रश्न उरलाच.

त्याच सुमारास चंद्रपूरच्या ‘वृक्षमित्र’ संस्थेचे मोहन हिराबाई हिरालाल गावात येऊ लागले. (नाव पुन्हा वाचा! आडनाव सोडून त्यांनी आधी आईचं आणि मग वडिलांचं नाव लावलं होतं.) ते काही वाटायला आले नव्हते, गावाबरोबर शिकायला आले होते. गावातले देवाजी तोफा आणि इतर मंडळींबरोबर त्यांच्या गप्पा सुरू झाल्या. या गप्पांतून मेंढ्याची खरी गंमत जन्माला आली. ती म्हणजे दोन वेगवेगळ्या बैठका.

पहिली बैठक अभ्यासगटाची. इथे फक्त चर्चा. ज्याला यायचं त्याने यावं, बाहेरच्या जाणकारालाही बोलवावं, हवे तितके प्रश्न विचारावेत. पण निर्णय? मुळीच घ्यायचा नाही! दुसरी बैठक ग्रामसभेची. निर्णय तिथेच, आणि तो फक्त गावकऱ्यांनी घ्यायचा. बाहेरचा पाहुणा कितीही हुशार असला तरी त्याने सल्ला द्यावा आणि गप्प बसावं. मला ही युक्ती फार आवडते. आपल्या बैठका बिघडतात त्या बहुतेक वेळा यामुळेच, की आपण विचार करता करताच भांडायला लागतो. ‘आज ठरवायचंच नाही’ म्हटलं की कोणाला जिंकायची घाई नसते.

अभ्यासगटातून काय निघतं, त्याचं एक उदाहरण म्हणजे मध. उंच झाडावरचं आग्या मोहोळ काढायचं, तर पूर्वी खाली जाळ-धूर करत. माशा मरत, सगळं पोळं उतरत असे आणि पिल्लंही जात. गावाने जाणकारांबरोबर बसून माशांचा अभ्यास केला. मग मेंढ्याची मंडळी अंगभर पोशाख घालून रात्री झाडावर चढू लागली. पोळ्याचा फक्त मधाचा भाग कापायचा, पिल्लांचा भाग तसाच ठेवायचा. मध मिळाला आणि माशाही वाचल्या!

तुम्ही म्हणाल, ‘सगळ्यांचं एकमत व्हायला किती वेळ लागत असेल!’ लागतोच. दारूबंदीचंच घ्या. मोहाची दारू तिथे देवाधर्माच्या कार्यातही लागायची. बायकांचं म्हणणं ठाम होतं, पण गोष्ट एका बैठकीत सुटणारी नव्हती. ती पुन्हा पुन्हा निघाली, चर्चा होत राहिली आणि मग सगळ्यांच्या संमतीने निर्णय झाला. उशीर झाला हे खरं, पण जिथे सगळ्यांनीच ‘हो’ म्हटलेलं असतं, तिथे पहारा कोणावर ठेवायचा?

आता वर्गणीकडे वळू. मेंढ्यातही वर्गणी आहे, बरं का. ग्रामसभेमार्फत मिळालेल्या कामाच्या मजुरीतून दहा टक्के रक्कम गावाच्या कोषात जमा करायची, असं गावाने ठरवलं. शंभर रुपये मिळाले तर दहा गावाचे. अडीअडचणीला गावाचाच पैसा गावाच्या हाताशी.

पण मोठा पैसा आला तो बांबूतून. आणि तो सहजासहजी आला नाही. वनहक्क कायद्याखाली २००९ साली मेंढ्याला सुमारे १८०० हेक्टर, म्हणजे जवळजवळ साडेचार हजार एकर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. आता बांबू विकायचा, तर तो गावाबाहेर नेण्यासाठी वाहतूक परवाना हवा. परवाने कोणी द्यायचे? इथे घोडं अडलं. बांबू हे खरं तर गवत आहे. तुमच्या अंगणातल्या हरळीचा तो उंच भाऊबंद! पण १९२७च्या वन कायद्यात त्याला झाडांत बसवलं होतं, आणि झाड म्हटलं की ते लाकूड. लाकडावर गावाचा हक्क नव्हता. गाव मागे हटलं नाही. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी त्या वेळचे केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश मेंढ्यात आले आणि वाहतूक परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. (वन कायद्यातल्या झाडांच्या यादीतून बांबू निघायला मात्र २०१७ साल उजाडलं.)

पुढच्या वर्ष-दोन वर्षांतच बांबूची विक्री एक कोटी रुपयांच्या वर गेली. खरी परीक्षा आता होती! दहा-वीस रुपयांच्या वर्गणीवर एकमत ठेवणं सोपं, पण कोटी रुपयांवर? आपल्याकडे मंडळांत भांडणं लागतात ती पैसे नसताना नाही, शिल्लक उरल्यावर. मेंढ्याने ग्रामसभेच्या नावाने पॅन कार्ड काढलं, व्यवहार बँकेतून सुरू केले, आणि खर्च काय करायचा हे पुन्हा सगळ्यांनी मिळूनच ठरवायचं ठेवलं. २०१३ साली तर गावकऱ्यांनी आपापल्या जमिनीसुद्धा ग्रामदान कायद्याखाली ग्रामसभेच्या नावे केल्या. ग्रामदान ही विनोबांची कल्पना. जमीन ज्याची तोच कसतो, पण ती बाहेरच्या कोणाला विकता येत नाही.

या ‘मंडळा’चे नवे सभासद कोण? अर्ज नाही, प्रवेश फी नाही. अठरा वर्षांचे झालात की झालात सभासद! लग्न होऊन गावात आलेली सूनही मतदारयादीत आली की सभासद. म्हणजे कालपर्यंत परकी असलेली नवी सून उद्या ‘मला हे पटत नाही’ म्हणाली, तर सगळ्या गावाला थांबावं लागणार. आपल्या घरात असं चालेल का, हे आई-बाबांना जरूर विचारा! (मिलिंद बोकील यांचं ‘गोष्ट मेंढा गावाची’ हे पुस्तकही त्यांच्याबरोबर बसून वाचा.)

शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात, गोंडपिपरी तालुक्यात पाचगाव आहे. या छोट्या गावाला २०१२ साली असाच वनहक्क मिळाला. तेही बांबू तोडतं आणि विकतं. पण बिड्यांसाठी लागणारा तेंदूपत्ता तोडायचा नाही, असं पाचगावने ठरवलं. तेंदूपत्ता म्हणजे उन्हाळ्यातला हमखास पैसा. तरी नको! कारण त्यासाठी फांद्या छाटतात, चांगली पानं फुटावीत म्हणून जंगलात आग लावतात, आणि मग टेंभरं ना माणसांना मिळतात ना पाखरांना. बांबूचे कोवळे कोंब, म्हणजे वास्ते, भाजीसाठी तोडायचे नाहीत, असंही ठरलं. वास्त्यांची भाजी ज्याने खाल्ली आहे त्यालाच कळेल, हे किती अवघड आहे ते!

आता तुमच्यासाठी एक काम. समजा, तुमच्या वर्गाला सहलीला जायचंय. चाळीस जण ताडोबाला तयार आहेत आणि एकच मुलगी ‘नाही’ म्हणतेय. हात मोजू नका. आधी एक दिवस नुसती चर्चा करा, ठरवायचं काहीच नाही. तिला ‘का?’ एवढंच विचारा. गाडी लागते म्हणून असेल, किंवा घरून पैसे मागायचा संकोच वाटत असेल. दुसऱ्या दिवशी ठरवायला बसा.

किती बैठका लागल्या ते आम्हाला पोस्टकार्डावर कळवा. आणि हो, सहल रद्द झाली असेल, तर तेही लिहा!