थंड पाण्यात मुरलेली कॉफी
ऋतुपेये : लेखांक सातवा

चैत्र सरत आला की महाडहून वर तळीयेपर्यंत आलेला पाहुणा घामाने निथळतच अंगणात पाऊल ठेवतो, आणि त्याची खुशाली विचारण्याआधी त्याच्या हाती गुळाचा खडा आणि पाण्याचा तांब्या द्यावा हा या मुलखाचा जुना शिरस्ता आहे. चहा त्यानंतर येतो. कॉफी क्वचितच येते, आणि आली तर दुधात उकळून, वर जायफळ किसून, एखाद्या समारंभाच्या थाटात येते. गूळपाण्याचा थंडावा आणि जायफळाच्या कॉफीचा सुगंध या दोहोंना एका पेल्यात आणणारे एक पेय आपल्या घरांत सहज रुजू होऊ शकेल, अशी गेल्या दोन उन्हाळ्यांत माझी खात्री झाली आहे. शहरांतील उपाहारगृहे त्याला कोल्ड ब्रू म्हणतात; मी त्याला मुरलेली कॉफी म्हणतो, कारण मुरणे हीच त्याची सारी क्रिया आहे.

ही क्रिया मी शेजारच्या काकींना प्रथम समजावून सांगितली तेव्हा त्या म्हणाल्या, "रातभर भिजत घालायची नि सकाळी गाळायची, म्हंजे आमच्या धन्या-जिऱ्याच्या पान्यासारखंच की!" याहून नेमकी व्याख्या मला आजवर करता आलेली नाही. उन्हाळी लागली की धने-जिरे रात्री भिजत घालणारे, आमसुलांचा रंग पाण्यात उतरेपर्यंत धीर धरणारे आपण, अग्नीवाचून केवळ पाणी आणि वेळ यांच्या साहाय्याने एखाद्या जिनसाचे सत्त्व काढून घेण्याची विद्या पिढ्यान्‌पिढ्या जाणतो. कॉफी तेवढी त्या विद्येच्या कक्षेत आणावयाची राहिली होती. अमेरिकेत टॉड सिम्पसन या रसायन अभियंत्याने 1964 साली अशा कॉफीसाठी घरगुती साधन बाजारात आणले हे खरे, परंतु त्या साधनाचे काम आपल्याकडे एक बरणी आणि मलमलचे फडके निर्वेधपणे करते.

प्रथम पुडीची बाब. महाड-पोलादपूरच्या वाण्याकडे मिळते ती बहुधा झटपट विरघळणारी कॉफी. ती एकदा काढलेल्या अर्काचीच वाळवलेली भुकटी असल्यामुळे तिला पुन्हा मुरत घालण्यात काहीच हशील नाही. मुंबईहून गावी येणारा चाकरमानी माटुंग्यातील भाजून दळून देणाऱ्या दुकानांतून फिल्टर कॉफी आणतो, तीत बहुधा चिकोरी मिसळलेली असते. चिकोरीने पाण्याला रंग चटकन येतो, पण त्या रंगाने फसू नये; तिला स्वतःचा गोडसर कडवटपणा असतो आणि लांब मुरवणीत तोच कॉफीच्या चवीवर मात करतो. म्हणून दुकानदाराला स्पष्ट सांगावे की चिकोरी नको, आणि दळण जाड हवे, लापशीच्या रव्याएवढे. बिया घरी दळायच्या तर मिक्सर थांबून थांबून फिरवावा व बारीक पूड चाळून काढावी, कारण तीच पुढे फडक्यातून निसटून पेय गढूळ करते. बियांमध्ये मला मान्सून्ड मलबार या प्रकाराविषयी विशेष प्रेम आहे. पश्चिम किनाऱ्यावरील गोदामांत पावसाळी वाऱ्याची दमट हवा खाऊन या बिया फुगतात, फिकट होतात आणि आपला आंबटपणा बव्हंशी टाकून देतात. आषाढात आपल्या घरातील पापड-मसाल्यांचा घात करणारी तीच हवा त्या बियांना मात्र सौम्य करते. परंतु दळलेल्या पुडीला ती वैरीच आहे, म्हणून पुडीचा डबा घट्ट झाकणाचा असावा.

प्रमाण वजनाने घ्यावे. थेट प्यावयाची असेल तर 100 ग्रॅम पुडीस 800 मिलिलिटर पाणी पुरते; अर्क करून ठेवावयाचा असेल तर तेवढ्याच पुडीस 500 मिलिलिटर. ओली पूड आपल्या वजनाच्या सुमारे दुप्पट पाणी धरून ठेवते, त्यामुळे हाती अर्क येतो तो साधारण 300 मिलिलिटर, आणि त्यात दुप्पट पाणी वा दूध घालून तो प्यावा. पूड बरणीत घालून पाणी हळूहळू ओतावे, सारी पूड भिजेल इतके एकदा ढवळावे आणि मग तिला स्वस्थ राहू द्यावे. गाळताना दुहेरी मलमल घ्यावी व ती पिळू नये. पिळल्याने चार थेंब अधिक मिळतात आणि त्यांबरोबर गाळ व तुरटपणाही येतो.

पाश्चात्त्य पुस्तकांत बारा ते अठरा तासांची मुदत खोलीच्या तापमानावर सांगितलेली असते, आणि येथेच मी पहिल्या वर्षी चुकलो. ती खोली वीस-बावीस अंशांची असते. आमचे स्वयंपाकघर मे महिन्यात रात्रीही तिच्याहून कितीतरी उष्ण असते. अठरा तास ओट्यावर ठेवलेली माझी बरणी उघडली तेव्हा तिला आंबूस वास येत होता व ती सारी टाकून द्यावी लागली. तेव्हापासून मी बरणी फ्रिजमध्ये सोळा ते अठरा तास ठेवतो. गाळलेला अर्कही फ्रिजमध्येच राहावा आणि चार-पाच दिवसांत संपवावा. वीज नसेल त्या दिवशी हा उद्योग न करणेच शहाणपणाचे.

पाण्याच्या बाबतीत तर अधिकच सावधगिरी हवी. उकळत्या कॉफीत अग्नी पाण्यातील जंतूंचा बंदोबस्त आपोआप करतो, मुरवणीत तो पहारेकरी नसतो; म्हणून पाणी आधी खळखळून उकळावे, झाकून पूर्ण निववावे आणि मगच पुडीवर ओतावे. तळीयेच्या माणसाला डोंगराच्या पाण्याविषयी सैल हाताने लिहिता येत नाही. ज्या सह्याद्रीच्या झऱ्यांवर आमच्या वाड्या वसल्या, त्याच डोंगराची दरड 22 जुलै 2021 रोजी मुसळधार पावसात आमच्या घरांवर कोसळली आणि ऐंशीहून अधिक माणसे घेऊन गेली. पावसाळ्यात हजारो मिलिमीटर पाणी अंगावर घेणारे हेच डोंगर वैशाखात कोरडे पडतात, आणि डोक्यावरून हंडा आणणाऱ्या बाईच्या श्रमाचा हिशेब कोणत्याही पाककृतीत मांडलेला नसतो. म्हणून पाणी मोजून घ्यावे, आणि गाळून उरलेला चोथा परसातील खताच्या खड्ड्यात घालावा.

मुरलेल्या कॉफीत आम्ल नसते असे हल्ली सर्रास सांगितले जाते, ते जसेच्या तसे मान्य करू नये. फिलाडेल्फियातील नाइनी राव व मेगन फुलर या संशोधिकांनी 2018 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात गरम व थंड या दोन्ही रीतींच्या कॉफीचा सामू जवळजवळ सारखाच, 4.85 ते 5.13 च्या दरम्यान, आढळला. गरम कॉफीत एकंदर आम्लांची मात्रा मात्र अधिक होती. जिभेला थंड कॉफी मऊ लागते ती यामुळे, आणि उष्णतेने चटकन बाहेर येणारे कडू व सुगंधी घटक थंड पाण्यात कमी उतरतात यामुळेही. तेव्हा अम्लपित्ताच्या माणसाने तिला औषध समजू नये. अर्क बेताने वापरावा हेही सांगितलेच पाहिजे. कॅफिन थंड पाण्यातही उतरते, आणि रोबस्टा बियांत ते अरेबिकाच्या जवळजवळ दुप्पट असते. मुलांना हे पेय देऊ नये.

आता गूळ. कडकडीत दुधात गूळ पडला की दूध फाटण्याची धास्ती असते, थंड कॉफीत ती धास्ती उरत नाही, आणि याच कारणाने हे पेय मला आपल्या घरचे वाटते. गूळ थंड पाण्यात लवकर विरघळत नाही, म्हणून तेवढ्याच पाण्यात तो मंद आचेवर विरघळवून, गाळून, पाक निववून ठेवावा. एका पेल्यास अर्काचे तीन-चार मोठे चमचे, गुळाच्या पाकाचे दोन, आणि वर माठातले उकळून निववलेले पाणी. पाहुण्याला द्यावयाचे गूळपाणीच ते, केवळ त्यात कॉफी उतरलेली. दुधाऐवजी नारळाचे पहिले, जाड दूध घातले तर चव अतिशय खुलते. मात्र नारळाची चरबी थंडीत गोठते, बर्फगार अर्कात तिचे पांढरे कण तरंगू लागतात. तेव्हा अर्क थोडा वेळ बाहेर ठेवून मग ताजे दूध मिसळावे आणि लगेच प्यावे. जायफळ बरणीत घालू नये. त्याचे सुगंधी तेल थंड पाण्यात फारसे उतरत नाही. पेल्यावर आयत्या वेळी किसलेले चिमूटभर जायफळ पुरे होते.

या अर्काच्या गोड पदार्थांत चायना ग्रासच्या वड्या मला सर्वांत प्रिय आहेत. 5 ग्रॅम चायना ग्रासचे धागे तुकडे करून 250 मिलिलिटर पाण्यात अर्धा तास भिजवावेत, मग एकही धागा दिसेनासा होईपर्यंत उकळावेत व गुळाचा पाक घालावा. आच बंद करून, वाफ जरा निवल्यावर, तितकाच अर्क त्यात ओतावा. म्हणजे जी कॉफी आपण इतक्या धीराने अग्नीपासून दूर ठेवली तिला शेवटीही उकळावे लागत नाही. अर्क फ्रिजमधून काढून तसाच ओतला तर मिश्रण ठिकठिकाणी गोठून गुठळ्या होतात, म्हणून तो आधी बाहेर काढून ठेवावा. चायना ग्रास फ्रिजवाचूनही गोठते. उन्हाळ्यात ताट रात्री लावावे, सकाळी वड्या कापाव्यात आणि वाटीत नारळाचे दूध घालून वाढाव्यात.

श्रीखंडात अर्क घालायचा तर चक्का नेहमीपेक्षा दोन तास अधिक टांगावा, नाहीतर तो सैल होतो. अर्ध्या किलो चक्क्याला दोन-तीन मोठे चमचे अर्क पुरे, आणि केशर मुळीच नको. फणसाचा हंगाम आला म्हणजे घरोघरी सांदणे होतील. सांदणाबरोबर नारळाचे दूध घेण्याची रीत आहेच. त्या दुधात चमचाभर अर्क आणि थोडा गुळाचा पाक घालून पाहावा. आमच्या काकींनी गेल्या ज्येष्ठात तो एकदा घालून पाहिला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी रिकामी बरणी घेऊन त्या आमच्या दारात उभ्या होत्या.