दसऱ्याचा झेंडू परसातला!

दोस्तांनो, दसऱ्याला दाराचं तोरण, सायकलची माळ... सगळा झेंडू बाजारातलाच कशाला? कोडोलीच्या परसातही तो छान येतो. फक्त दिवस उलटे मोजायचे!

बी टाकल्यापासून भरपूर फुलं यायला साधारण अडीच महिने लागतात. २०२५ साली दसरा २ ऑक्टोबरला होता. २०२६ साली अधिक महिन्यामुळे तो २० ऑक्टोबरला. म्हणजे बी पडायला हवं ऑगस्टच्या सुरुवातीला.

बी कुठलं? शेजारच्या काकूंनी झाडावर वाळवून जपलेली दोन फुलं मागून आणा. कुस्करलीत की काळ्या, सुईसारख्या काड्या निघतील. तेच बी!

आपल्याकडचा धो धो पाऊस मात्र झेंडूचा वैरी. मुळाशी पाणी साचलं की रोप कुजलंच. म्हणून बी पडवीत, खोक्यातल्या मातीत टाका. महिन्याभरानं रोपं बाहेर लावा, पण उसासारखी सरीत नको, वरंब्यावर. वीतभर झाली की शेंडे खुडा. जीव हळहळेल, पण बाजूनं फांद्या फुटतात आणि फुलं वाढतात.

पाकिटावर ‘आफ्रिकन झेंडू’ लिहितात खरं, पण तो मूळचा मेक्सिकोचा! दक्षिण आफ्रिकेचा पाहुणा म्हणजे जरबेरा. तो कुंडीत शोभतो, तोरणात नाही.