उलट्या पिळाचे बळ

नवा टी-शर्ट काही वेळा धुतला की बाजूची शिवण तिरकी होऊन पोटाकडे सरकू लागते. शिंप्याने ती सरळच घातलेली असते. असे टी-शर्ट बहुधा एकेरी सुताचे विणलेले असतात आणि त्या सुतात कोंडलेला पीळ पाणी लागताच सुटायची वाट शोधतो. चरख्यावर कातणाऱ्यांच्या बोटांना ही ओढ रोजच जाणवते.

कापसाचा तंतू जेमतेम अडीच-तीन सेंटिमीटर लांब. पेळू मागे ओढत, चातीच्या टोकावरून पीळ देत गेले की हे आखूड तंतू एकमेकांवर दाबले जातात, त्यांच्यातले घर्षण वाढते आणि ओढले तरी ते घसरत नाहीत. गाठ नाही, खळ नाही. सुताची सगळी ताकद त्या दाबात असते. पण प्रत्येक तंतू मुरगळला गेलेला असतो आणि त्याला मूळ स्थितीत परतायचे असते. नुकतेच कातलेले सूत सैल सोडले की ते लगेच स्वतःभोवती वेटोळे घालते. पीळ आणखी वाढवला तर सूत काही मर्यादेपर्यंतच मजबूत होते. पुढे तंतू इतके तिरपे होतात की लांबीच्या दिशेने आलेला ताण त्यांना पेलवत नाही.

यावर माणसाने शोधलेला उपाय मला विलक्षण वाटतो: दोन धागे एकत्र धरायचे आणि चाक उलटे फिरवायचे. खादीवाले अशा दुपदरी सुताला दुबटा म्हणतात. उलट्या फिरण्याने प्रत्येक धाग्याचा मूळ पीळ थोडा सैल होतो. उरलेला पीळ सुटू पाहतो, पण त्याची ओढ दोन्ही धाग्यांना एकमेकांभोवती अधिकच आवळते. दुहेरी पीळ उलगडू लागला, तर आतले एकेरी धागे पुन्हा घट्ट होऊन त्याला रोखतात. दोन्ही जोर समान झाले की सूत शांत होते. साधारणपणे दुसरा पीळ पहिल्याच्या अर्ध्या ते दोन तृतीयांश असला की हा तोल साधतो. धाग्याचा फास लोंबता सोडून पाहावे. तो मोकळा, न वळता लटकला तर काम जमले. अशा सुतात वरचे तंतू धाग्याच्या लांबीला जवळजवळ समांतर येतात, म्हणून ते मऊ लागते आणि चमकतेही.

हाताने कातलेल्या सुताला याहून मोठा लाभ होतो तो सारखेपणाचा. कसलेल्या हाताकडूनही सूत कुठे जाड, कुठे बारीक निघते आणि मागावर ताणा तुटतो तो बारीक जागीच. दोन धाग्यांच्या बारीक जागा नेमक्या समोरासमोर येण्याची शक्यता कमी असते. संख्याशास्त्राच्या हिशेबाने, असे चढउतार यादृच्छिक असतील तर जाडीच्या प्रमाणात त्यांचे मान दोन पदरांत सुमारे 30 टक्क्यांनी घटते.

ही युक्ती चरख्याहून फार जुनी. फ्रान्समधल्या आब्री द्यू मारास इथे निअँडरथल मानवाच्या वस्तीत दोरीचा एक तुकडा सापडला, त्याचा अहवाल 2020 मध्ये प्रसिद्ध झाला. लांबी 6.2 मिलिमीटर, वय 40,000 वर्षांहून अधिक. झाडाच्या सालीच्या तंतूंचे तीन पदर एका दिशेने पिळलेले आणि तिन्ही मिळून उलट दिशेने वळलेले! आपल्याकडे जानवेही याच पद्धतीने होते: तीन धाग्यांना पीळ देऊन त्याची पुन्हा तिहेरी जुडी उलट दिशेने वळतात.

घरात शिलाईच्या दोऱ्याचे रीळ असेल तर दोऱ्याचा वीतभर तुकडा दोन चिमटींत धरून उलगडा. आधी दोन किंवा तीन पदर वेगळे दिसतील. तसेच फिरवत राहिलात तर प्रत्येक पदर घट्ट होऊन वेटोळे घालू लागेल. या दोऱ्याच्या शेवटच्या पिळाची दिशाही विचारपूर्वक ठरवलेली असते. ती उलटी ठेवली तर शिलाई मशीन टाके घालता घालता दोरा उलगडून टाकेल.