नागलीचे पहारेकरी

विदर्भ-खानदेशात वावर म्हणजे शेत. जव्हार तालुक्यातल्या वावर या गावाचं नाव मात्र महाराष्ट्राला शेतीमुळे कळलं नाही. १९९२ साली वावर-वांगणीत कुपोषणानं मुलं दगावली, तेव्हा ते वर्तमानपत्रांत झळकलं. पिकांमधल्या जनुकीय बदलांवर लिहायचं ठरल्यावर मी आधी याच वाटेला लागले. नागली बुडाली म्हणजे काय होतं, हे इथे कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

जव्हार-मोखाड्यात खाचरात भात, आणि उतारावरच्या वरकस जमिनीत नागली नि वरई. राब भाजायचा, रोपं करायची, पाऊस बसला की लावायची. नागलीचा मोठा वैरी करपा. ही बुरशी आधी पानांवर ठिपके पाडते, पण खरा घात होतो तो कणसाच्या मानेवर. मान काळी पडते, अन्नरस वर चढत नाही आणि दाण्याच्या जागी फोल उरतं. भातावरचा करपा याच बुरशीचा. कुळं तेवढी वेगळी.

रोपही स्वस्थ बसलेलं नसतं. त्याच्या पेशींत पहारेकऱ्याचं काम करणारी प्रथिनं असतात. बुरशीनं आत सोडलेलं एखादं द्रव्य त्यांनी ओळखलं, की लागण झालेल्या पेशी स्वतःच मरतात आणि बुरशीची वाट तिथेच अडते. अडचण एवढीच, की असा पहारेकरी सहसा एखादाच चेहरा ओळखतो. बुरशी चेहरा बदलते. एकाच प्रतिकारक जनुकाच्या भरवशावर सोडलेले भाताचे वाण थोड्याच हंगामांत करप्याला बळी पडल्याचा अनुभव जगभर आहे.

चेन्नईच्या लोयोला कॉलेजमधल्या संशोधकांनी वेगळा मार्ग धरला. बुरशीच्या पेशीभित्तिकेत कायटिन असतं, चिंबोरीच्या कवचात असतं तेच. ते विरघळवणाऱ्या कायटिनेज या विकराचं भातातलं जनुक त्यांनी नागलीत घातलं. ते वाहून नेलं ॲग्रोबॅक्टेरियम या जिवाणूनं. झाडांना गाठी आणणारा हा जिवाणू निसर्गतःच आपली जनुकं दुसऱ्याच्या पेशीत सोडतो. माणसानं त्याच्या गाठोड्यातला माल तेवढा बदलला. या नागलीनं पानांवरच्या करप्याला चांगला प्रतिकार केल्याचं २०१२ साली प्रसिद्ध झालं. शेतात मात्र ती आली नाही. परजनुक घातलेल्या पिकांपैकी आपल्याकडे व्यापारी लागवडीत आहे तो कापूसच, २००२ पासून.

जनुक-संपादनाची गोष्ट निराळी. इथे बाहेरचं जनुक शिल्लक ठेवायचं नसतं. रोपाचंच एखादं जनुक नेमक्या जागी कापून बंद पाडायचं. अशा काही वाणांना केंद्र सरकारनं २०२२ मध्ये कडक नियमांतून सूट दिली, आणि ४ मे २०२५ रोजी भाताचे दोन संपादित वाण जाहीर झाले. त्यातल्या ‘पुसा डीएसटी राइस १’मध्ये दुष्काळ आणि खारेपणाशी झुंजण्याला आवर घालणारं जनुक बंद केलं आहे. नागलीत हे काम जास्त किचकट, कारण तिच्यात गुणसूत्रांचे चार संच. एक प्रत बंद केली तरी दुसरी चालू राहते. आणि खरं सांगायचं तर, भातामागे जेवढा पैसा उभा राहतो तेवढा नागलीमागे कधी राहिला नाही.

संपादन करायला आधी कोणतं जनुक काय करतं ते कळावं लागतं, आणि ते कळायला वेगवेगळ्या स्वभावाचे वाण हाताशी लागतात. ते इथे आहेत. कलपेरी, दसरबेंद्री ही नागलीची नावं जव्हारकडची. हळवी वेगळी, गरवी वेगळी. बायफ संस्थेनं इथल्या शेतकऱ्यांबरोबर असं बी गोळा करून बियाणे बँक उभी केली. मला त्यात जपणुकीपेक्षा जास्त काही दिसतं. एकाच डोंगरावर चार वाण म्हणजे निरनिराळे चेहरे ओळखणारे पहारेकरी, तेही एकाच वेळी कामावर.

एका आजीला मी हे सगळं जमेल तसं सांगितलं. कणगीकडे बघत तिनं एकच विचारलं, “तां बी पुढल्या सालाला परत पेरता येल ना, बाय?”

येईल. नागली स्वपरागित आहे, संकरित बियाण्यासारखी दुसऱ्या वर्षी बिघडत नाही. आणि २००१ च्या वाण संरक्षण कायद्याच्या ३९व्या कलमानं शेतकऱ्याला स्वतःच्या शेतातलं बी राखायला, पेरायला, देवाणघेवाण करायला, इतकंच काय, छाप न लावता विकायलाही मोकळीक आहे. कलमाचं मी तिला सांगितलं नाही. “येईल” म्हटलं, तेव्हा तिनं मूठभर नागली माझ्या ओच्यात घातली.