‘एफ-१’च्या कळीमागे दडलेला प्रवास

प्रतिनिधी

संगणकावर काम करताना अडले की ‘एफ-१’ ही कळ दाबावी आणि पडद्यावर मदतीचे पान उघडावे, हा संकेत आता सर्वांच्या अंगवळणी पडला आहे. मात्र ते पान लिहिणारा एक, ते सॉफ्टवेअरमध्ये बसविणारा दुसरा आणि वेबसर्व्हरवर चढविणारा तिसरा असतो. या तिघांमधील एखादा दुवा निसटला की वापरणाऱ्याच्या वाट्याला कोरे पान येते. कधी त्याहून घातक गोष्ट घडते आणि मुदत संपलेली सूचना अधिकृत म्हणून वाचली जाते.

एकेकाळी कारखान्यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या कांजूरमार्गमध्ये आज स्थानकाच्या पूर्वेला ‘आय-थिंक टेक्नो कॅम्पस’सारखी कार्यालयांची संकुले उभी आहेत, तर पश्चिमेला पवईच्या आयआयटीकडे जाणाऱ्यांची वर्दळ असते. सॉफ्टवेअरवर ज्यांचा दिवस चालतो, अशा या परिसरात मदतीच्या पानांचे मोल वेगळे सांगायला नको.

क्रमांकांचा करार

मदतीचा मजकूर लिहिणाऱ्यास ‘टेक्निकल रायटर’ म्हणतात. तो प्रत्येक विषयाचे स्वतंत्र पान तयार करतो. प्रोग्रॅमर मात्र पानांची नावे जाणत नाही. त्याच्या दृष्टीने प्रत्येक खिडकीला एक क्रमांक असतो. समजा, बँकेच्या सॉफ्टवेअरमधील ‘मुदत ठेव’ या खिडकीस १०२४ हा क्रमांक दिला आहे. १०२४ म्हणजे मुदत ठेवीचे पान, अशी जोडयादी दोघांकडे सारखी असावी लागते. लेखकाने पानाचे नाव बदलले किंवा प्रोग्रॅमरने क्रमांक बदलला आणि दुसऱ्यास कळविले नाही, तर मुदत ठेवीवर अडलेल्या कर्मचाऱ्यापुढे भलतेच पान उघडते. म्हणूनच मदतीची फाइल सुपूर्द करताना तिच्यासोबत ही यादी व आवृत्तीचा क्रमांक देण्याची शिस्त पाळली जाते.

एका फाइलची सोय आणि गैरसोय

मायक्रोसॉफ्टने १९९७ मध्ये ‘एचटीएमएल हेल्प’ ही पद्धत आणली. शेकडो पाने, चित्रे आणि अनुक्रमणिका यांची मिळून ‘सीएचएम’ प्रकारची एकच फाइल तयार होई. ती प्रोग्रॅमरच्या हाती दिली की लेखकाचे काम संपत असे. पण अशा फाइलमधून घातक प्रोग्रॅमही चालविता येतो, हे उघड झाले आणि २००५ मधील सुरक्षा सुधारणेनंतर नेटवर्कवरील सामायिक फोल्डरमधून ती उघडण्यावर निर्बंध आले. परिणामी, कार्यालयातील सर्वांसाठी एकाच ठिकाणी ठेवलेली फाइल उघडली की डावीकडे अनुक्रमणिका दिसे, पण उजवीकडे मजकुराऐवजी रिकामी चौकट येई. फाइल स्वतःच्या संगणकावर उतरवून घेणे हा त्यावरील साधा उपाय होता. इंटरनेटवरून उतरविलेल्या फाइलच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये जाऊन ‘अनब्लॉक’ही करावे लागे.

सर्व्हरवरचे सापळे

पुढे मदत थेट ब्राउझरमध्ये दाखविण्याकडे कल वाढला. येथे एका फाइलऐवजी शेकडो सुट्या फाइली सर्व्हरवर पाठवाव्या लागतात आणि अडचणींचे स्वरूप बदलते. इंग्रजी लिपीतील लहान व मोठ्या अक्षरांत विंडोज सहसा भेद करीत नाही. लिनक्सवर चालणारे सर्व्हर मात्र करतात. त्यामुळे लेखकाच्या संगणकावर बिनचूक चालणारा दुवा सर्व्हरवर तुटतो. केवळ बदललेल्या फाइली पाठविल्या, तर रद्द केलेली जुनी पाने सर्व्हरवर तशीच राहतात आणि शोधयंत्रांतून वाचकांपर्यंत पोहोचत राहतात. शिवाय ब्राउझरने साठवून ठेवलेली जुनी प्रतही काही काळ पुढे येऊ शकते.

त्यामुळे नवी आवृत्ती स्वतंत्र फोल्डरमध्ये पूर्णपणे चढवावी, सर्व दुवे तपासावेत आणि मगच सर्व्हरला नव्या फोल्डरकडे वळवावे, ही पद्धत सुरक्षित मानली जाते. जुनी आवृत्ती हाताशी असल्याने चूक आढळल्यास मागे फिरता येते. अनेक ठिकाणी मदतीचा मजकूर प्रोग्रॅमसोबतच ‘गिट’सारख्या आवृत्ती-नियंत्रण प्रणालीत ठेवला जातो. लेखकाने बदल नोंदविला, दुसऱ्याने तो तपासून मान्य केला की पाने तयार करण्याचे व सर्व्हरवर पाठविण्याचे काम आपोआप होते. कोणी, केव्हा, काय बदलले याची नोंदही राहते.

मराठीची वाट

मराठी मदतीच्या मार्गात आणखी एक अडथळा होता. ‘सीएचएम’ची अनुक्रमणिका व सूची यूनिकोडपूर्व अक्षरसंचांवर आधारलेली होती आणि देवनागरीसाठी विंडोजमध्ये असा जुना अक्षरसंचच नव्हता. पानातील मराठी मजकूर दिसला, तरी अनुक्रमणिका आणि शोध यांची पंचाईत होई. ब्राउझरमधील पानांनी ही कोंडी फोडली. तेथेही सर्व्हरने मजकूर ‘यूटीएफ-८’ असल्याचे नीट सांगितले नाही, तर अक्षरांच्या जागी अगम्य चिन्हे उमटतात. मराठी आवृत्ती असलेल्या लिबरऑफिसने २०१८ मधील ६.० आवृत्तीपासून ब्राउझरमध्ये उघडणारी मदत स्वीकारली.

पवईच्या आयआयटीतील ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाने वेगळा मार्ग निवडला. तेथे मुक्त सॉफ्टवेअर शिकविणाऱ्या छोट्या ध्वनिचित्रफिती तयार होतात आणि त्यांचे निवेदन मराठीसह अनेक भारतीय भाषांत केले जाते. एका खिडकीत चित्रफीत चालवायची आणि दुसऱ्या खिडकीत तीच कृती करून पाहायची, ही त्यामागील कल्पना. जिथे इंटरनेटचा भरवसा नाही, तिथे संगणकावर साठवूनही त्या पाहता येतात.

प्रश्न केवळ तंत्राचा नाही

मुंबईत अकरावीचे प्रवेश २००९ पासून ऑनलाइन झाले. दाखले, कर, बँक व्यवहार हेही संकेतस्थळांवर आले. समोर कारकून नसताना मदतीचे पान हाच खिडकीवरचा माणूस ठरतो. गेल्या वर्षीची सूचनापुस्तिका सर्व्हरवर राहून गेली, तर त्या चुकीची किंमत ती लिहिणारा मोजत नाही. अर्ज भरणारा विद्यार्थी मोजतो. म्हणून अशी सूचना वाचताना तिच्यावरील दिनांक व आवृत्ती पाहावी, शोधयंत्रातून सापडलेल्या प्रतीऐवजी संकेतस्थळाच्या मुख्य पानावरून मदतीपर्यंत जावे. आणि पानावर दिनांकच नसेल, तर त्याची विचारणा करावी. अर्ज भरणाऱ्याचा तेवढा अधिकार निश्चितच आहे.