पक्षिनिरीक्षण : पाहणे आणि खरे नोंदवणे

पक्षिनिरीक्षण हा सवडीच्या आणि सुस्थित लोकांचा छंद आहे, असा समज आपल्या समाजात अजूनही आढळतो. महागडा कॅमेरा, दुर्बीण आणि अभयारण्याची सहल यांवाचून तो जोपासता येत नाही, असे विद्यार्थ्यांनाही वाटते. वस्तुतः या अभ्यासास प्रथम लागते ती नियमाने पाहण्याची आणि पाहिलेले जसेच्या तसे लिहून ठेवण्याची सवय. इतिहासाची साधने तपासताना जी शिस्त पाळावी लागते, तीच येथेही लागते.

या अभ्यासाचा आरंभ आपल्या अंगणापासूनच करावा. वड, पिंपळ, उंबर यांची फळे पिकली की तांबट, बुलबुल, कोकीळ आणि हरियाल त्या झाडांवर उतरतात. हरियाल हा महाराष्ट्राचा राज्यपक्षी. परंतु हिरव्या-पिवळ्या रंगामुळे तो पानांत असा मिसळतो की, झाडाखालून रोज जाणाऱ्यासही दिसत नाही. जास्वंदीवर शिंजीर येतो, माळावर टिटवी ओरडते, विजेच्या तारेवर कोतवाल आणि वेडा राघू बसतात. हिवाळ्यात पाणवठ्यावर धोबी पक्षी शेपटी हलवीत फिरतो आणि ज्वारीच्या शिवारावर भोरड्यांचे थवे येतात. एकाच झाडाची नोंद वर्षभर ठेवली, तर कायमचा रहिवासी कोण आणि ऋतूचा पाहुणा कोण, हे कुणी न शिकवताही कळते.

घराजवळचे निरीक्षण कमी प्रतीचे मानण्याचे कारण नाही. डॉ. सलीम अली १९३० च्या सुमारास नोकरी नसताना अलिबागजवळ किहीम येथे राहत होते. तेथे घरालगतच त्यांना सुगरण पक्ष्यांची वसाहत आढळली व त्यांनी तिचे बारकाईने निरीक्षण केले. नर अर्धवट घरटे विणतो, मादी घरटी पारखून एक पसंत करते, त्यानंतर नर ते पूर्ण करतो आणि पुढे दुसऱ्या मादीसाठी नवे विणावयास घेतो, हा क्रम त्यांनी सविस्तर मांडला. १९३१ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाने त्यांना पक्षिशास्त्रज्ञांत मान्यता मिळवून दिली.

नोंदवहीत तारीख, वेळ, स्थळ, संख्या आणि पक्षी काय करीत होता, एवढे लिहिले तरी पुरे. ओळख पटली नाही तर तसेच लिहावे. अंदाजाने नाव घालू नये. छायाचित्र या नोंदीचा पुरावा होय. त्यासाठी सकाळचा कोवळा प्रकाश उत्तम. सूर्य आपल्या पाठीशी असावा, पक्ष्याचा डोळा स्पष्ट यावा आणि सभोवतालची फांदी, पाणी वा गवतही चित्रात दिसावे. कारण पक्षी कोठे व कसा राहतो, हे त्यावरूनच कळते. साध्या मोबाईलने घेतलेले अस्पष्ट चित्रही तारीख आणि स्थळ खरे असेल तर उपयोगी पडते. स्थळ खोटे असेल, तर देखणे चित्रही अभ्यासाची दिशाभूल करते.

याचे लक्षणीय उदाहरण आपल्याच सातपुड्यातील आहे. रानपिंगळा हे लहानसे घुबड १८७३ साली ह्यूम यांनी शास्त्रास ज्ञात करून दिले आणि ब्लेविट या अधिकाऱ्याचे नाव त्यास दिले. १८८४ नंतर त्याचा विश्वसनीय नमुना मिळाला नाही. मात्र माइनर्ट्‌झहागेन या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने १९१४ साली गुजरातेत मांडवी येथे तो मिळाल्याचे सांगितले होते. त्या भरवशावर शोध घेणारे रिकाम्या हाताने परतले. पुढे डॉ. पामेला रासमुसेन यांनी नमुने तपासले, तेव्हा तो नमुना संग्रहालयातून चोरलेला जुनाच पक्षी असून त्यावरील चिठ्ठी बनावट असल्याचे उघड झाले. खोटी चिठ्ठी बाजूस सारून त्यांनी जुन्या, खऱ्या नोंदींचा माग घेतला. नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळच्या डोंगरपायथ्याशी त्यांना व त्यांच्या सहकाऱ्यांना रानपिंगळा दिसला आणि त्याची छायाचित्रे घेण्यात आली. ११३ वर्षांची खंडित नोंद अशी जोडली गेली. त्यानंतर मेळघाटात आणि २०१४ मध्ये तानसा अभयारण्यातही तो आढळला.

या कथेत आणखी एक प्रश्न दडलेला आहे. पक्ष्यास अधिकाऱ्याचे नाव लाभले. परंतु त्याच रानाच्या शेजारी पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या भिल्ल, पावरा, कोरकू वस्त्यांची साक्ष त्या जुन्या नोंदींत आली नाही. दिवसाउजेडी वावरणारे हे घुबड त्यांच्या दृष्टीस पडतच नसेल, असे आम्हांस वाटत नाही. ज्याच्या हाती लेखणी, त्याचेच पाहणे इतिहासात उरते. म्हणून आपल्या मुलांनी गावातील वडीलधाऱ्यांकडून पक्ष्यांची स्थानिक नावे विचारून घ्यावीत आणि सांगणाऱ्याच्या नावासह ती वहीत लिहावीत.

डोंगरसहलीस निघताना ही शिस्त अधिकच पाळावी. सह्याद्रीच्या ओढ्याकाठी पावसाळ्यात पहाटे कस्तूर शीळ घालतो, तेव्हा एखादा मुलगाच गात चालला आहे, असा भास होतो. तेथे गलबला केला तर ती शीळ थांबते. घरट्याजवळ जाऊन छायाचित्र घेऊ नये, कारण घाबरलेली मादी अंडी सोडून जाते. घुबडाच्या डोळ्यांवर फ्लॅश मारू नये. पक्ष्यास बोलावण्यासाठी ध्वनिमुद्रित आवाज वाजवू नये. दुर्मीळ पक्ष्याच्या घरट्याचे नेमके स्थळ सर्वत्र जाहीरही करू नये. ते जाणत्या अभ्यासकास कळवावे. चित्रापेक्षा जीव मोठा, हे कॅमेरा हाती घेणाऱ्याने प्रथम शिकले पाहिजे.

दरवर्षी फेब्रुवारीत चार दिवस ‘ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट’ ही जागतिक पक्षिगणना होते. किमान पंधरा मिनिटे पाहून दिसलेल्या पक्ष्यांची संख्या नोंदवणाऱ्या कोणासही तीत सहभागी होता येते. निवासी शाळेतील विद्यार्थी पहाटे उठतात आणि एकाच आवारात वर्षे काढतात. इतके सलग निरीक्षण शहरातील हौशी अभ्यासकासही साधत नाही. आज पाचवीत असलेल्या मुलीने लिहिलेली वही ती दहावीत जाईपर्यंत या परिसराचे विश्वसनीय साधन ठरेल. पुढील पिढीने ते वाचताना त्यावर निःशंक विसंबावे, इतके खरे तिने लिहावे.